लेकराच्या बळाचे मोजमाप
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. यावेळचा विषय शेतीचा नाही, माणसाचा आहे. तरी तो मोजमापाचा आहे, आणि मोजमाप हा आमचा रोजचाच धंदा असल्याने चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. जे वाचले, जाणत्यांना विचारून घेतले आणि एका सभासदाच्या ओसरीवर बसून डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे मांडतो.

ऊस नोंदीच्या कामासाठी आम्ही एकलहरे शिवारात गेलो होतो. गोदावरीच्या अंगाला आपल्या एका जुन्या सभासदाचा आडसाली ऊस उभा आहे. बांधावरून औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसतात. प्लॉट पाहून झाल्यावर नानांनी (नाव मुद्दाम देत नाही) चहासाठी घरी नेले. ओसरीवर सतरंजीवर त्यांचा चार वर्षांचा नातू बसला होता. डोळे मोठे तरतरीत, बोलणे चुरूचुरू. आमच्या पिशवीतला ब्रिक्स मीटर पाहून "हे काय हाय?" म्हणून त्याने दहा प्रश्न विचारले. पण मीटर हातात दिला तेव्हा बोटे थरथरली आणि तो मांडीवर पडला. पोरगा बसतो, पण उठत नाही. उभा तर कधीच राहिलेला नाही.

नाना म्हणाले, "भाऊसाहेब, उसाचं माप तुम्ही घेता, आता आमच्या घरातलं माप सांगा. वरीस झालं औषधाला. मदतीतून मिळालं म्हणून बरं, नाहीतर शेत विकून भागलं नसतं. पण पोरगं काही उभं राहीना. आम्ही तर म्हणतो, बंद करावं. कशाला त्या मुंबईच्या खेपा?"

आतून सूनबाई आल्या. त्यांच्या हातात एक फाईल होती. त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी, मार्क वाढलेत. मागच्या साली एकोणीस होते, आता बावीस झालेत." नाना म्हणाले, "कसले मार्क? शाळेत थोडंच घातलंय त्याला?"

औषध चालू ठेवायचे की सोडायचे, हा त्या घरातला प्रश्न. त्याचे उत्तर त्या एकोणीस आणि बावीस या दोन आकड्यांत होते. म्हणून हे आकडे येतात कुठून, हे समजून घेण्याचे आम्ही मनावर घेतले.

रोग कोणता?

या रोगाचे इंग्रजी नाव 'स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी', थोडक्यात 'एसएमए'. मराठीत म्हणायचे तर मज्जारज्जूजन्य स्नायुक्षय. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. त्यांना जिवंत राहण्यासाठी एक प्रथिन लागते. ते तयार करणारा 'एसएमएन-१' हा जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे, हे फ्रान्समधील संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले. हा जनुक दोन्ही बाजूंनी नसला की पेशी एकेक करून मरतात. हुकूम न मिळालेला स्नायू वाळतो. निसर्गाने 'एसएमएन-२' नावाचा एक राखीव जनुक ठेवला आहे, पण त्यातून कामाचे प्रथिन थोडेच निघते. मुख्य पाट बंद पडला आणि पोटचारीतून झिरपणाऱ्या पाण्यावर रान जगवायचे, तसा हा प्रकार. ज्याच्याकडे या पोटचाऱ्या जास्त, त्याचा रोग साधारणपणे सौम्य.

रोगाचे प्रकार पाडले आहेत, तेही हालचालीवरूनच. पहिल्या प्रकारात सहा महिन्यांच्या आत लक्षणे दिसतात आणि उपचाराविना मूल कधी आधाराशिवाय बसत नाही. दुसऱ्यात मूल बसते, पण एकट्याने चालत नाही. तिसऱ्यात चालते, पण पुढे जिना चढणे, बैठकीतून उठणे जड जाते आणि काहींचे चालणे थांबते. चौथा मोठेपणी दिसतो. नानांचा नातू दुसऱ्या प्रकारातला. बुद्धीला या रोगाचा धक्का लागत नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. गावात अशा पोरांना 'मंद' म्हणण्याची खोड आहे, ती साफ चूक आहे.

माप कशाला घ्यायचे?

सभासदांना ठाऊक आहे की नुसते उसाकडे पाहून "पीक बरं दिसतंय" म्हणण्याला कारखान्यात किंमत नाही. फुटवे मोजावे लागतात, कांड्या मोजाव्या लागतात, ब्रिक्स घ्यावा लागतो. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एक चूक झाली होती. एका प्लॉटचा ब्रिक्स पहिल्यांदा बुडख्याचा घेतला आणि पंधरवड्याने शेंड्याचा. आकडा उतरलेला पाहून "ऊस मागे गेला" असा शेरा मारला आणि तोड लांबवली. वास्तविक ऊस पक्व होत होता. फरक उसात नव्हता, माप घेण्याच्या जागेत होता. त्या शेतकऱ्याचे वजनात नुकसान झाले, ते आजही आम्हाला टोचते.

मुलाच्या बळाचेही तसेच आहे. आईला वाटते पोर सुधारले, आजोबांना वाटते नाही सुधारले, आणि दोघेही आपापल्या दिवसाचे बोलतात. म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींनी ठरीव पट्ट्या केल्या आहेत. तीच कृती, त्याच क्रमाने, त्याच नियमाने, शक्य तर त्याच माणसाने, दर चार-सहा महिन्यांनी करून पाहायची आणि गुण मांडायचे.

मापाच्या पट्ट्या

अगदी तान्ह्या व अशक्त मुलांसाठी 'चॉप इन्टेन्ड' नावाची पट्टी आहे. ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या बालरुग्णालयातून आली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १६ बाबी आहेत. बाळ आपोआप हातपाय किती हलवते, बोट धरते का, खेळण्याकडे पाहून मान मध्यावर आणते का, धरून कुशीवर वळवले तर स्वतः जोर लावते का, अशा त्या बाबी. प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ६४. बाळ जागे, शांत आणि पोट भरलेले असावे लागते. रडत्या किंवा पेंगुळलेल्या बाळाचे माप खरे येत नाही. उपचाराविना पहिल्या प्रकारच्या बाळाचे गुण महिन्यामहिन्याला उतरत जातात आणि ४० च्या वर क्वचितच जातात. म्हणून या पट्टीवर ४० ओलांडणे ही मोठी गोष्ट समजतात.

जी मुले बसतात त्यांच्यासाठी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या नावाची पट्टी आहे. ती मुळात २० बाबींची होती. पुढे तिच्यात आणखी १३ बाबी घालून ३३ केल्या, म्हणजे चालणाऱ्या मुलांचेही माप घेता यावे. प्रत्येक बाबीला २, १ किंवा ०. कृती नीट जमली तर २, काहीतरी आधार घेऊन किंवा अर्धवट जमली तर १, जमलीच नाही तर ०. एकूण ६६. सुरुवात साध्या बसण्यापासून. मग बसून एक हात डोक्याला लावणे, दोन्ही हात लावणे, पाठीवरून पोटावर वळणे, कोपरांवर टेकून मान उचलणे, झोपलेले असता उठून बसणे, रांगणे, आधाराने उभे राहणे, पाऊल टाकणे, अशी चढती भाजणी. शेवटी उकिडवे बसणे, पुढे उडी मारणे, चार पायऱ्या चढणे-उतरणे. नातवाचे एकोणीस आणि बावीस हे गुण याच पट्टीवरचे.

हातांसाठी वेगळी पट्टी आहे. खुर्चीवर बसलेल्या मुलाचे किंवा मोठ्या माणसाचे सारे आयुष्य हातांवर चालते, म्हणून हिला महत्त्व फार. मांडीवरचा हात टेबलावर आणणे, नाण्यासारख्या चकत्या उचलणे, कागद फाडणे, पेला तोंडाशी नेणे, डब्याचे झाकण उघडणे, २०० ग्रॅम व ५०० ग्रॅम वजन उचलणे, अशी कामे तिच्यात असतात. एकूण गुण ३७. पायांच्या पट्टीवर काहीच फरक दिसत नसताना हातांच्या पट्टीवर एक-दोन गुण वाढलेले दिसू शकतात. घासातला घास आपल्या हाताने खाणे ही कमाई थोडकी नव्हे.

फ्रान्समधील लिऑन शहरात तयार झालेली आणखी एक पट्टी ३२ बाबींची आहे. तिचा निकाल शेकड्यात मांडतात. आणि जे चालतात त्यांच्यासाठी सहा मिनिटांची चाल. सरळ मोजलेल्या वाटेवर सहा मिनिटांत किती मीटर गेला ते पाहायचे. त्यातही पहिल्या मिनिटाचे अंतर आणि सहाव्या मिनिटाचे अंतर ताडून पाहतात. कारण या रोगात स्नायू लवकर थकतो. पहिल्या मिनिटाला चांगला चाललेला गडी शेवटी ढेपाळतो, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

आकडा वाचावा कसा?

आता नानांच्या प्रश्नाकडे येऊ. "तीन गुण वाढले म्हणजे काय मोठं झालं?"

आम्ही त्यांना हुमणीचे उदाहरण दिले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दोन वाफ्यांना हुमणी लागली होती. एकाला औषध दिले, दुसऱ्याला उशीर झाला. औषध दिलेला वाफा काही वीतभर उंच झाला नाही, आहे तसाच राहिला. पण उशीर झालेला वाफा पिवळा पडून आडवा झाला. औषधाचा गुण कशावरून धरायचा? नाना म्हणाले, "दुसऱ्या वाफ्यावरून."

या रोगाचे तसेच आहे. उपचार नसता गुण स्थिर राहत नाहीत, वर्षानुवर्षे उतरतात. त्यातही मूल उंच होते, वजन वाढते, पण त्या वाढत्या शरीराला ओढणारे स्नायू तेवढेच राहतात. म्हणजे नुसते जागेवर टिकून राहणे हाही फायदाच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २ ते १२ वर्षांची १२६ मुले होती. ८४ जणांना 'न्युसिनर्सेन' हे कण्यात द्यावयाचे औषध दिले, ४२ जणांना औषध न देता केवळ तसा देखावा केला. पंधरा महिन्यांनी हॅमरस्मिथ पट्टीवर पहिल्या गटाचे गुण सरासरीने सुमारे ४ ने वाढले आणि दुसऱ्याचे सुमारे १ ने उतरले. जगभर त्या औषधाला मान मिळाला तो अशा आकड्यांवर. या पट्टीवर ३ गुणांची वाढ ही जाणते लोक अर्थपूर्ण मानतात.

आम्ही फाईल उघडून पाहिली. कोणत्या बाबींत गुण वाढले ते लिहिलेले होते. डाव्या कुशीवरून वळणे ० चे १ झाले. दोन्ही हात डोक्याला लावणे १ चे २ झाले. कोपरांवर टेकून राहणे ० चे १ झाले. आम्ही सूनबाईंना विचारले, "घरात यातलं काय दिसतं?" त्या म्हणाल्या, "रात्री कूस बदलायला मला सहा-सहा वेळा उठवायचा. आता दोनदा उठवतो. आणि टोपी स्वतः घालतो."

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आम्ही नुसतं उभं राहण्याकडं डोळे लावून बसलो."

खरे आहे. आकडा काढणारा काढतो, पण घरच्यांना त्याचा अर्थ फोडून सांगणे राहून जाते. आमच्या शेतकी खात्यातही हीच चूक होते. माती परीक्षणाचा कागद हातात देतो आणि निघून जातो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. एका वेळच्या आकड्यावर हुरळून जाऊ नये की खचू नये. ताप येऊन गेलेला असेल, प्रवासाचा शीण असेल, मूल रुसले असेल, तर दोन-तीन गुण इकडे-तिकडे होतात. पहाटे उठून, नाशिकरोडला पंचवटी गाडी धरून मुंबईला गेलेले चार वर्षांचे पोर दुपारी परीक्षेला बसले तर त्याचा हात जड असणारच. पाठीला बाक आला असेल किंवा गुडघे-खुबे आखडले असतील, तर बळ असूनही कृती जमत नाही. म्हणून सांधे किती वळतात आणि कणा किती वाकला आहे, याचीही नोंद गुणांच्या शेजारी ठेवतात. सांधे आखडू नयेत म्हणून रोज ताण देण्याचा व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा.

घरातील नोंद

सूनबाईंनी आम्हाला भिंतीवरचे कॅलेंडर दाखविले. दूधवाल्याच्या आणि गॅसच्या नोंदींच्या मध्ये त्यांनी लिहिले होते: "आज वाटी उचलली." "मान धरून गाडीवर बसला." "खोकला, चार दिवस काही नाही." ही बाई दहावी शिकलेली. कोणी न सांगता तिने आपली प्रायोगिक नोंदवही ठेवली होती. मुंबईच्या तपासणीत ताईंनी तेच कॅलेंडर मागून घेऊन वाचले, असे त्या सांगत होत्या.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी एक वही करावी. महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी, मूल ताजेतवाने असताना पाच-सहा ठरलेल्या गोष्टी पाहाव्यात आणि तारखेसह लिहाव्यात. मदत केली असेल तर 'मदतीने' असे प्रामाणिकपणे लिहावे. मोबाईलवर त्याच जागेवरून, त्याच कोनातून चित्रण करून ठेवावे. मुलाला दमवू नये, इतर मुलांशी तुलना करू नये. त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करायची.

वेळ दवडू नका

ज्यांच्या घरी निदान झालेले नाही, त्यांच्यासाठी हे वाक्य आहे. मेलेली पेशी परत येत नाही. औषध उरलेल्या पेशी राखते. लक्षणे दिसण्यापूर्वीच ज्यांना न्युसिनर्सेन सुरू केले अशा २५ बाळांच्या एका अभ्यासात सर्वच्या सर्व आधाराशिवाय बसली आणि २२ एकट्याने चालली. हा अहवाल २०१९ चा. लवकर लागण आणि उशिरा लागण यांतला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहून २००६ मध्ये जी मोजपट्टी दिली, तिच्याप्रमाणे मूल आधाराशिवाय बसण्याची शेवटची मर्यादा सव्वानऊ महिन्यांच्या आसपास आहे आणि एकट्याने चालण्याची साडेसतरा महिन्यांच्या आसपास. ती ओलांडली, किंवा बाळ अंगाने लुळे वाटते, पाय बेडकासारखे फाकलेले राहतात, श्वास घेताना छातीऐवजी पोटच हलते, जमत असलेली गोष्ट जमेनाशी होते, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. नानांच्या घरी एका ठिकाणी सांगितले होते, "काही मुलं उशिरा चालतात, वाट पाहा." त्या वाट पाहण्यात सात महिने गेले. बहुतेकांचे निदान रक्ताच्या जनुकीय चाचणीने होते. स्नायूचा तुकडा काढण्याची आता गरज पडत नाही.

खर्चाचे नाव काढले की छाती दडपते, हे खरे. एकदाच द्यावयाचे जनुकीय इंजेक्शन सोळा कोटी रुपयांचे म्हणून २०२१ मध्ये घरोघरी चर्चा झाली. त्याच वर्षी जानेवारीत नाशिकच्याच एका बालकाला कंपनीच्या सोडतीत नंबर लागून ते मुंबईत विनामूल्य मिळाले. पण सोडतीवर सगळ्यांनी जगता येत नाही. २०२१ साली केंद्राचे दुर्मिळ रोग धोरण आले आणि २०२२ मध्ये ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक. तोंडाने घ्यावयाचे 'रिस्डिप्लाम' हे औषध भारतात २०२१ मध्ये आले. न्यायालयीन वाद होऊन २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे भारतीय कंपनीने केलेले बरेच स्वस्त रूप बाजारात उतरले. औषधे आली म्हणूनच आता मापाला किंमत आली आहे. मदत मागताना आणि औषध चालू ठेवताना हाच गुणांचा कागद पुढे करावा लागतो.

दोष कोणाचा?

शेवटी एक नाजूक गोष्ट. नानांच्या भावकीत कुजबुज होती की दोष सुनेच्या माहेरचा. आम्ही स्पष्ट सांगितले, हा रोग होण्यास जवळजवळ नेहमी आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक यावा लागतो. दोघेही धडधाकट असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढा संभव असतो. साधारण चाळीस ते साठ माणसांत एक असा वाहक सापडतो, तो तुमच्या-आमच्यातलाही असेल. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. एकाच घराण्याचा जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव अशा लग्नांत वाढतो. ज्या घरात असे मूल झाले आहे, तेथील भावंडांनी पुढच्या बाळापूर्वी दोघांची रक्ततपासणी करून जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. यात लाज कसली? बेणे निवडताना आपण तपासून घेतोच की.

निघताना नानांनी आम्हाला बांधापर्यंत सोडले. म्हणाले, "भाऊसाहेब, पुढची तारीख सहा महिन्यांनी हाय. ह्या वक्ताला मीच संगं जातो. ते मार्क कसे देतात, ते एकदा डोळ्यानं पाहतो." औषध चालू आहे.

सभासदांपैकी कोणाच्या घरी, गल्लीत, ऊसतोडणी टोळीत असे मूल असेल तर आमच्या गट कार्यालयात येऊन सांगावे. तोडणी मजुरांची लेकरे हंगामात गाव सोडून येतात, त्यांची तपासणी तर हमखास राहते. कोठे जावे, कोणते कागद लागतील, याची माहिती आम्ही काढून देऊ. उसाच्या नोंदीचे रजिस्टर आमच्याकडे आहेच, त्यात या लेकरांसाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.